दोन आघात : रेटिनोब्लास्टोमा आणि कर्करोगाच्या आनुवंशिकतेचा शोध

रेटिनोब्लास्टोमा हा डोळ्याच्या दृष्टिपटलाचा कर्करोग. तो जवळजवळ नेहमी लहान मुलांनाच होतो आणि बहुतेकांत पाच वर्षांच्या आत उघडकीस येतो. जन्माला येणाऱ्या दर १५ ते २० हजार मुलांमागे एकाला तो गाठतो. पहिले लक्षण बहुधा डॉक्टरांच्या आधी घरच्यांच्या नजरेस पडते. बाळाच्या डोळ्यातली बाहुली काळीभोर दिसायची ती एखाद्या कोनातून, विशेषतः मंद उजेडात, पांढुरकी चमकते. काही मुलांचा एकच डोळा बिघडतो, तर काहींचे दोन्ही. कर्करोगांच्या एकूण संख्येत या रोगाचा वाटा नगण्य आहे. तरीही कर्करोग वारशाने येतो का, आणि येत असेल तर आईबापांकडून मुलात नेमके काय उतरते, या प्रश्नाचे पहिले खात्रीचे उत्तर मिळाले ते याच दुर्मीळ रोगामुळे.

ते उत्तर मिळायला दीड शतकाहून अधिक काळ लागला. स्कॉटिश शल्यविशारद जेम्स वॉर्ड्रॉप याने १८०९ मध्ये एडिंबरा येथे एक ग्रंथ प्रसिद्ध केला. शस्त्रक्रियेने काढलेल्या डोळ्यांचे आणि मृत बालकांच्या डोळ्यांचे विच्छेदन करून त्याने दाखवून दिले, की ही गाठ दृष्टिपटलापासून वाढते आणि पुढे दृष्टिनाडीवाटे मेंदूकडे सरकते. रोग डोळ्यापुरता असतानाच डोळा काढून टाकावा, असा त्याचा आग्रह होता. पण भूल देण्याची सोय नव्हती, आणि रोग लक्षात येईपर्यंत तो बहुधा डोळ्याबाहेर पडलेला असे. मुले वाचत नसत. पुढे १८४० च्या दशकात ईथर व क्लोरोफॉर्म आले, १८५१ मध्ये हेल्महोल्ट्झने डोळ्याच्या आत डोकावण्याचे उपकरण जगापुढे मांडले, आणि चित्र पालटले. वेळेत डोळा काढलेली काही मुले जगली, मोठी झाली, त्यांची लग्ने झाली.

आनुवंशिकता दिसू लागली ती इथपासून. ज्या रोगाने ग्रासलेले मूल तिसऱ्या-चौथ्या वर्षी दगावते, तो रोग बापाकडून मुलाकडे जाताना कुणाला दिसणार? ब्राझीलमधील नेत्रतज्ज्ञ इलारियो दे गोव्हेआ यांनी १८७२ मध्ये एका मुलाचा रोगग्रस्त डोळा काढला. मुलगा बचावला. वयात आल्यावर त्याचे लग्न झाले, सात अपत्ये झाली आणि त्यांपैकी दोन मुलींना दोन्ही डोळ्यांचा रेटिनोब्लास्टोमा झाला. बापाच्या शरीरातली गाठ तर कितीतरी वर्षांपूर्वी डोळ्यासकट गेली होती. म्हणजे मुलींपर्यंत पोहोचले ते गाठीहून वेगळे, बापाच्या सबंध देहात मुरलेले काहीतरी होते. त्या काळी त्याला नाव देणे शक्य नव्हते. मेंडेलचे वाटाण्यांवरचे प्रयोग छापून झाले होते, पण कुणाच्या खिजगणतीत नव्हते.

याच सुमारास इतर कर्करोगांबाबतही अशी कुटुंबे नोंदली जात होती. फ्रेंच शल्यविशारद पॉल ब्रोका याने १८६६ मध्ये आपल्या पत्नीच्या घराण्याची चार पिढ्यांची हकिगत दिली. त्या घरातल्या स्त्रिया एकामागून एक स्तनाच्या कर्करोगाने गेल्या होत्या. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातील विकृतिशास्त्रज्ञ आल्ड्रेड वॉर्थिन यांना १८९५ मध्ये शिवणकाम करून पोट भरणाऱ्या एका स्त्रीने सांगितले, की आपल्या घरात सगळे आतड्याच्या नाहीतर गर्भाशयाच्या कर्करोगाने मरतात, तेव्हा आपलेही तेच होणार. वॉर्थिन यांनी तिचे बोलणे मनावर घेतले, नातलगांची माहिती गोळा केली आणि १९१३ मध्ये ती वंशावळ छापली. त्या स्त्रीचा अंदाज खरा ठरला. ती गर्भाशयाच्या कर्करोगानेच गेली.

पण वंशावळींनी वैद्यकजगाचे समाधान झाले नाही, आणि त्यामागची शंका रास्त होती. कर्करोग काही दुर्मीळ नाही. मोठ्या कुटुंबात तीन-चार जणांना तो निव्वळ योगायोगानेही होऊ शकतो. शिवाय एका घरातली माणसे एकच अन्न खातात, एकाच धुरात श्वास घेतात. शिकागोत मॉड स्लाय यांनी हजारो उंदीर पाळून कर्करोग एका अप्रभावी घटकाने उतरतो असा दावा केला. तो इतका सरधोपट होता, की त्याच क्षेत्रातील क्लॅरेन्स लिटल यांनी त्याच्याशी जाहीर वाद घातला. आनुवंशिकतेच्या अर्ध्याकच्च्या समजुतीचा समाजाने केलेला वापर तर भयंकर होता. जर्मनीत १९३३ मध्ये नाझी राजवटीने सक्तीच्या निर्बीजीकरणाचा कायदा केला आणि त्यातल्या यादीत आनुवंशिक अंधत्वही घातले. या विषयाकडे पुढे कित्येक वर्षे अनेक शास्त्रज्ञ साशंकतेने पाहत राहिले.

दरम्यान एक निराळा धागा जर्मनीतच गवसला होता. व्युर्त्सबुर्गचे प्राणिशास्त्रज्ञ थिओडोर बोव्हेरी समुद्री साळूच्या अंड्यांचा अभ्यास करीत. एका अंड्यात दोन शुक्रपेशी शिरल्या, की गुणसूत्रांची वाटणी विस्कटते आणि त्यातून निपजणाऱ्या पेशी बेढब वाढतात, हे त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले होते. त्यावरून १९१४ मध्ये एका छोट्या पुस्तकात त्यांनी कर्करोगाचा उगम एकाच पेशीच्या गुणसूत्रांतील बिघाडात असावा, असे मांडले. पेशीविभाजनाला आवर घालणारे काही गुणसूत्रांत असते आणि ते हरवले की पेशी बेबंद होते, ही कल्पनाही त्यांच्या लिखाणात आहे. पुढच्याच वर्षी बोव्हेरी वारले. त्यांची पत्नी मार्सेला हिने त्या पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर १९२९ मध्ये प्रसिद्ध केले, तरी त्याची फारशी दखल घेतली गेली नाही.

दखल घेतली गेली ती विषाणूंची. पेटन राउस यांनी १९११ मध्ये कोंबडीतला कर्करोग गाळलेल्या रसातून दुसऱ्या कोंबडीत उतरवून दाखवला होता, आणि त्याबद्दल त्यांना १९६६ मध्ये, म्हणजे पंचावन्न वर्षांनी, नोबेल पारितोषिक मिळाले. साठीच्या दशकाअखेर अमेरिकेतला बराच पैसा आणि हुशार माणसे माणसातला कर्कविषाणू शोधण्याच्या मागे लागली होती. अध्यक्ष निक्सन यांनी राष्ट्रीय कर्करोग कायद्यावर सही केली ती १९७१ च्या डिसेंबरात. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात जेमतेम चार पानांचा एक लेख आला होता. त्यात एकही प्रयोग नव्हता. होत्या त्या रुग्णालयाच्या जुन्या नोंदी, एक आलेख आणि थोडे गणित.

लेखाचे कर्ते आल्फ्रेड नुडसन. जन्म १९२२ चा, लॉस एंजेलिसचा. ते बालरोगतज्ज्ञ होते, आणि आनुवंशिकीत डॉक्टरेटही केलेली होती. मुलांच्या कर्करोगांवर उपचार करताना एक प्रश्न त्यांना छळत असे. तान्ह्या बाळाला कर्करोग होतोच कसा? प्रौढांच्या कर्करोगाचे प्रमाण वयाबरोबर फार झपाट्याने चढते. त्या चढावरून नॉर्डलिंग यांनी १९५३ मध्ये आणि आर्मिटेज व डॉल यांनी १९५४ मध्ये हिशेब मांडला होता, की पेशीत सहा-सात बदल एकापाठोपाठ साठल्याशिवाय कर्करोग होत नसावा. एवढे बदल साठायला आयुष्य जावे लागते. बाळापाशी तेवढा वेळच नसतो. म्हणजे मुलांच्या कर्करोगात बदल थोडे असणार, आणि थोडे असतील तर ते मोजता येतील. रेटिनोब्लास्टोमा निवडण्यामागे हा विचार होता. शिवाय या रोगात आनुवंशिक आणि अनानुवंशिक असे दोन्ही प्रकार शेजारी शेजारी ठेवून पाहता येत होते.

ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन रुग्णालयात १९४४ ते १९६९ या काळात दाखल झालेल्या ४८ मुलांचे कागद नुडसन यांनी काढले. त्यांपैकी २३ मुलांना दोन्ही डोळ्यांत रोग होता, २५ मुलांना एकाच. प्रत्येकाचे निदान कितव्या महिन्यात झाले एवढेच त्यांनी लिहून घेतले. मग आडव्या अक्षावर वय आणि उभ्या अक्षावर त्या वयापर्यंत निदान न झालेल्या मुलांचे प्रमाण लॉगॅरिथममध्ये, असा आलेख काढला. दोन्ही डोळ्यांच्या रोग्यांचे बिंदू एका सरळ रेषेत खाली उतरत गेले. एका डोळ्याच्या रोग्यांचे बिंदू मात्र सुरुवातीला रेंगाळले आणि मग वळण घेऊन खाली आले.

या दोन आकृत्यांत सगळे सामावले होते. सरळ रेषेचा अर्थ असा, की दर महिन्याला उरलेल्या मुलांपैकी ठरावीक हिस्सा आजारी पडतो. एकच यादृच्छिक घटना घडायची बाकी असेल तेव्हाच असे होते. वळणदार रेषेचा अर्थ, दोन घटना घडाव्या लागतात. पहिली होऊन गेल्याशिवाय दुसरीचा उपयोग नाही, म्हणून सुरुवात संथ. नुडसन यांचा निष्कर्ष होता, की रोग दोन्ही प्रकारांत एकच आहे आणि दोन्हींत पेशीला दोन आघात लागतात. फरक एवढाच, की आनुवंशिक प्रकारात पहिला आघात मूल जन्मतानाच घेऊन येते. तो बीजातून आलेला असल्याने त्याच्या शरीरातल्या प्रत्येक पेशीत असतो. दृष्टिपटलाच्या वाढत्या पेशी लाखोंच्या घरात असतात; त्यांतल्या काहींना दुसरा आघात बसणे जवळपास अटळ ठरते. ज्याला वारसा नाही अशा मुलात मात्र दोन्ही आघात एकाच पेशीवर बसावे लागतात. तसे क्वचित होते. झाले तर एक गाठ, एकाच डोळ्यात, आणि उशिरा.

पुढचे गणित तर अधिकच देखणे आहे. वारसा असलेल्या मुलात सरासरी तीन गाठी होतात असा त्यांचा अंदाज निघाला. सरासरी तीन असेल तर संभाव्यतेच्या नियमाने शंभरातल्या सुमारे पाच मुलांत एकही गाठ होणार नाही, काहींत एकच होईल आणि बहुतेकांत अनेक. एखाद्या घराण्यात रोग मधली एक पिढी वगळून नातवंडात का उगवतो आणि एकाच घरातल्या एका भावाचा एक डोळा तर दुसऱ्याचे दोन्ही का जातात, ही जुनी कोडी या एका हिशेबाने सुटली. वारसा की परिस्थिती, हा शतकभराचा वादही इथे निकाली निघाला. रोग वारशाने मिळत नाही. वारशाने मिळतो तो रोगाकडे जाणाऱ्या वाटेवरचा पहिला टप्पा. दुसरा टप्पा मुलाच्या स्वतःच्या शरीरात, त्याच्या स्वतःच्या हयातीत घडतो. कर्करोगाच्या इतिहासात इतक्या थोड्या सामग्रीवर इतके मोठे काही क्वचितच उभे राहिले असेल.

हे दोन आघात नेमके कशावर बसतात, हे १९७१ च्या लेखात स्पष्ट नव्हते. डेव्हिड कमिंग्ज यांनी १९७३ मध्ये सुचवले, की ते एकाच जनुकाच्या दोन प्रतींवर बसत असावेत, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. मग ते जनुक पेशीला आवर घालणारे असले पाहिजे, कारण एक शाबूत प्रत असेपर्यंत सगळे सुरळीत चालते आणि दुसरीही गेली की आवर सुटतो. याला थोडा आधार आधीच मिळाला होता. ऑक्सफर्डमध्ये हेन्री हॅरिस व सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये कर्करोगाची पेशी साध्या पेशीशी जोडून पाहिली, तेव्हा संकरित पेशीतला कर्कगुण दबून गेला होता. तरी सत्तरीच्या दशकात या कल्पनेकडे फारसे कुणी वळले नाही. बिशप आणि व्हार्मस यांनी १९७६ मध्ये राउसच्या विषाणूतले कर्कजनुक मुळात कोंबडीच्याच पेशीतले असल्याचे दाखवले. त्यानंतर वाढ रेटणाऱ्या ऑन्कोजीनच्या शोधाची धूम उडाली. जे पेशीत नसल्यामुळे रोग होतो, ते शोधायचे कसे हा प्रश्न होताच.

सुगावा गुणसूत्रांतून लागला. लंडनमध्ये के. पी. लेले, लायोनेल पेनरोज आणि एच. बी. स्टॅलर्ड यांनी १९६३ मध्ये रेटिनोब्लास्टोमा असलेल्या एका मुलाच्या पेशीत एका गुणसूत्राचा तुकडा गायब असल्याचे नोंदवले होते. तेव्हा सारख्या आकाराची गुणसूत्रे वेगळी ओळखता येत नसत. सत्तरीच्या दशकात रंगपट्ट्यांची पद्धत आल्यावर कळले, की असा तुकडा तेराव्या गुणसूत्राच्या लांब बाहूवर ठरावीक जागी तुटतो. त्याच जागेलगत एस्टरेज-डी नावाच्या विकराचे जनुक आहे, हे रॉबर्ट स्पार्क्स यांच्या गटाने १९८० मध्ये दाखवले. हा विकर रक्तात मोजता येतो, म्हणून तो कामाचा. विल्यम बेनेडिक्ट यांच्या एका रुग्ण मुलाच्या रक्तात तो निम्माच भरला. सूक्ष्मदर्शकाखाली तर गुणसूत्रे धडधाकट दिसत होती. गाठीतल्या पेशींत मात्र त्या विकराचा मागमूसही नव्हता. एक प्रत जन्मतःच गेलेली, दुसरी गाठ होताना गेलेली. नुडसन यांचे दोन आघात प्रथमच एका रुग्णाच्या पेशींत हाती लागले.

हे सर्वसाधारण नियम म्हणून सिद्ध केले वेबस्टर कॅव्हेनी यांनी, युटामधील रे व्हाइट यांच्या प्रयोगशाळेत काम करताना. टोरंटोच्या ब्रेंडा गॅली आणि इतर सहकाऱ्यांकडून मिळालेल्या गाठींचे व त्याच रुग्णांच्या रक्ताचे डीएनए त्यांनी शेजारी ठेवून तपासले. रक्तात तेराव्या गुणसूत्राच्या आई-वडिलांकडच्या दोन वेगळ्या आवृत्त्या दिसत. गाठीत पुष्कळदा एकच उरलेली असे. हे १९८३ मध्ये प्रसिद्ध झाले. आनुवंशिक रुग्णांत उरलेली आवृत्ती नेमकी आजारी पालकाकडून आलेली असते, हे १९८५ मध्ये दाखवून त्यांनी वर्तुळ पूर्ण केले. शाबूत प्रत फेकली गेली होती आणि बिघडलेली मागे राहिली होती. म्हणूनच हा दोष घराण्यात पाहिला तर प्रभावी गुणासारखा पिढ्यान्‌पिढ्या उतरतो, आणि पेशीत पाहिला तर अप्रभावी असतो. स्लाय आणि त्यांच्या विरोधकांना ज्याने चकवले होते, ती गोम ही होती.

प्रत्यक्ष जनुक हाती आले बोस्टनमध्ये. थॅडियस ड्रायजा हे नेत्रतज्ज्ञ मॅसॅच्युसेट्स आय अँड इअर इन्फर्मरीत काम करीत. तेराव्या गुणसूत्रावरचे डीएनएचे सुटे तुकडे ते एकेक करून गाठींच्या डीएनएशी ताडून पाहत होते. गाठीत जो तुकडा दोन्ही प्रतींतून गायब असेल, त्याच्या आसपास जनुक असणार. असा एक तुकडा सापडला. रॉबर्ट वाइनबर्ग यांच्या प्रयोगशाळेतील स्टीफन फ्रेंड त्यांना येऊन मिळाले, आणि शेजारचा भाग दृष्टिपटलाच्या पेशींत कार्यरत असून रेटिनोब्लास्टोमाच्या पेशींत मूक किंवा मोडलेला आहे, असे दोघांनी दाखवले. ऑक्टोबर १९८६ मध्ये ‘नेचर’मध्ये हे प्रसिद्ध झाले. आरबी असे नाव मिळालेले हे जनुक म्हणजे कर्करोगाला आवर घालणाऱ्या जनुकांपैकी वेगळे काढलेले पहिले जनुक. ते सुमारे दोन लाख अक्षरांच्या पट्ट्यावर २७ तुकड्यांत पसरलेले आहे, आणि त्यापासून ९२८ अमिनो आम्लांचे प्रथिन बनते.

हे प्रथिन केवळ डोळ्याचे नाही, हे लवकरच कळले. जवळपास प्रत्येक पेशीत ते विभाजनाच्या उंबरठ्यावर पहारा देते. विभाजनाची तयारी करणाऱ्या प्रथिनांना ते धरून ठेवते आणि योग्य संकेत येईपर्यंत सोडत नाही. १९८८ मध्ये एड हार्लो यांच्या गटाला आढळले, की अॅडिनोव्हायरसचे एक प्रथिन नेमके याच पहारेकऱ्याला जखडते. पुढच्या वर्षी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण असलेल्या एचपीव्ही विषाणूचे ई७ प्रथिनही तेच करते, असे दिसले. विषाणूवाले आणि आनुवंशिकतावाले ज्या प्रश्नावर दशकानुदशके भांडत होते, त्याचे दोन्ही रस्ते एकाच प्रथिनापाशी येऊन मिळाले. भारतीय स्त्रियांत आजही फार मोठ्या संख्येने आढळणारा गर्भाशयमुखाचा कर्करोग आणि पंधरा-वीस हजारांत एखाद्या बाळाला होणारा डोळ्याचा कर्करोग यांचे नाते असे उघड झाले. डोळ्याच्या कर्करोगात आरबी जनुक मोडलेले असते, तर गर्भाशयमुखाच्या कर्करोगात ते शाबूत असूनही विषाणू त्याच्या प्रथिनाला निकामी करतो. स्तनाच्या कर्करोगावर अमेरिकेत २०१५ मध्ये मान्यता मिळालेले पॅल्बोसिक्लिब हे औषधही आरबीचा पहारा टिकवून ठेवूनच काम करते.

एक जनुक सापडल्यावर जुन्या वंशावळी पुन्हा उघडल्या गेल्या. फ्रेडरिक ली आणि जोसेफ फ्रॉमेनी यांनी १९६९ मध्ये अशी काही कुटुंबे वर्णिली होती, की ज्यांत मुलांना स्नायूंचे व हाडांचे आणि तरुण आयांना स्तनांचे कर्करोग होत. १९९० मध्ये डेव्हिड माल्किन आणि तेच स्टीफन फ्रेंड यांच्या गटाने त्यांच्यात पी५३ जनुकाची एक प्रत जन्मतः बिघडलेली असल्याचे दाखवले. त्याच वर्षी मेरी-क्लेअर किंग यांनी तरुण वयातील आनुवंशिक स्तनकर्करोगाचे जनुक सतराव्या गुणसूत्रावर असल्याचे जाहीर केले. बीआरसीए-१ हे ते जनुक १९९४ मध्ये वेगळे काढण्यात आले. वॉर्थिन यांच्या शिवणकाम करणाऱ्या स्त्रीच्या घराण्यातला दोष डीएनएची दुरुस्ती करणाऱ्या एका जनुकात निघाला. आज एकूण कर्करोगांपैकी साधारण ५ ते १० टक्केच असे वारशाने मिळालेल्या दोषामुळे होतात. बाकीच्यांतही बिघडलेली जनुके असतात, पण ती आयुष्यात बिघडलेली, पुढच्या पिढीत न जाणारी. या दोन गोष्टींची गल्लत अजूनही सर्रास होते, आणि त्यापायी कित्येक घरांत उगाच भीती बाळगली जाते.

रुग्णांच्या दृष्टीने या शोधाचे सर्वांत कठोर सत्य उपचारांबाबतचे होते. आनुवंशिक रेटिनोब्लास्टोमातून वाचलेल्यांच्या प्रत्येक पेशीत पहिला आघात आयुष्यभर राहतो, म्हणून पुढे त्यांना हाडांचे व इतर कर्करोग होण्याचा धोका मोठा असतो. डोळा वाचावा म्हणून बाहेरून दिलेल्या किरणोपचारांनी किरण पडलेल्या भागातच दुसऱ्या आघाताला वाट करून दिली होती. हे कळल्यावर नव्वदीच्या दशकात डॉक्टर किरणोपचारांपासून दूर सरले. औषधांनी गाठ आकसून घ्यायची आणि उरलेली लेसरने किंवा गोठवून नष्ट करायची, ही पद्धत आली. श्रीमंत देशांत आज शंभरातली ९५ हून अधिक मुले वाचतात. भारतात या रोगाचे दरवर्षी अंदाजे दीड हजार नवे बालरुग्ण आढळतात. पांढऱ्या चमकेकडे दुर्लक्ष होऊन त्यांतले बरेच उपचारांसाठी उशिरा पोहोचतात, आणि डोळ्याबाहेर गेलेला रोग आवरणे आजही अवघड आहे.

दोन्ही डोळ्यांत रोग असलेले मूल बहुतेक वेळा घराण्यातले पहिलेच असते. त्याचा दोष नव्याने, बहुतांशी पित्याच्या शुक्रपेशीत, निर्माण झालेला असतो. मात्र त्या मुलाच्या प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता पन्नास टक्के असते. एकाच डोळ्याचा रोग असलेल्यांतही साधारण १५ टक्के मुलांत दोष जन्मजात असतो. म्हणून आता रुग्ण मुलाच्या रक्तात आरबीमधला नेमका बदल शोधतात आणि तो सापडला की भावंडांना तपासतात. ज्या भावंडात तो बदल असतो, त्याचे डोळे जन्मल्यापासून काही वर्षे ठरावीक मुदतीने भूल देऊन पाहिले जातात, म्हणजे गाठ अगदी बारीक असतानाच पकडता येते. ज्याच्यात तो नसतो, त्याची भूल आणि तपासण्या तिथेच थांबतात.